पोराचं नाव पटावरून उतरू देऊ नका

"मंगाईची जत्रा होऊ दे, मग बघू." जूनमध्ये वडगावात हे वाक्य हमखास कानावर येतं. विषय असतो सातवी झालेल्या पोराला आठवीत कुठं घालायचं याचा. शाळा मेच्या अखेरीला, नाहीतर जूनच्या सुरुवातीला उघडलेली असते आणि जत्रा आषाढात असते. मधले काही आठवडे पोर घरीच. घरात माग असेल तर कांड्या भरायला बसतं, नसेल तर मामाच्या दुकानात जाऊन उभं राहतं. जत्रा होते, पाहुणे जातात, आणि तोवर पोराच्या हातात आठवड्याला चार पैसे यायला लागलेले असतात. मग शाळेचा विषय घरात कुणी काढत नाही.

बेळगावातल्या वडगाव, शहापूर, खासबाग, जुने बेळगाव, अनगोळ या भागांतल्या आईबापांसाठी हे आवाहन आहे. जून-जुलैतल्या त्या रिकाम्या आठवड्यांबद्दल आणि त्यानंतरच्या तीन वर्षांबद्दल ते आहे.

आपल्याकडची एक अडचण कोल्हापूरच्या पाहुण्यांना चटकन कळत नाही. महाराष्ट्रात बहुतेक हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात. दहा वर्षांचं पोर एकदा आत गेलं की दहावीपर्यंत फाटक तेच, शिपाई तोच, सरही बहुतेक तेच. कर्नाटकात सरकारी प्राथमिक शाळा सातवीपर्यंत असते, काही ठिकाणी आठवीपर्यंत, आणि हायस्कूल म्हणजे आठवी, नववी, दहावी. त्यामुळं तेराव्या वर्षी पोराला जुनी शाळा सोडून दाखला काढावा लागतो, नवी शाळा शोधावी लागते, नवा गणवेश शिवावा लागतो. ज्या वयात पोरगं कामाला लावायचा मोह होतो आणि पोरीच्या लग्नाचं बोलणं निघू लागतं, नेमक्या त्याच वयात आपली व्यवस्था त्याला दोन शाळांच्या मधे रस्त्यावर आणून सोडते. कायद्याचा हातही तिथंच सुटतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंतचा आहे. नववीत गेलेल्या पोराला शाळेत बसवायला त्यानंतर कायद्याचा धाक नाही. घरच्यांनी ठरवलं तरच ते शाळेत राहतं.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा रुपया म्हणजे थट्टा नव्हती. आज आठवी-नववीच्या पोरासाठी दंड मागायला कुणी दारात येणार नाही. दंड पोरगंच भरतं, पुढची चाळीस वर्षं.

आता जरा अवघड जागेचं बोलू. आपल्या भागातल्या सरकारी मराठी शाळांत आणि हायस्कुलांत आज जातं कोण? मजुरीवर साड्या विणणाऱ्यांची मुलं. बांधकामावर, उद्यमबागच्या फाउंड्रीत, भाजी मंडईत राबणाऱ्यांची मुलं. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांची मुलं. ज्यांच्या घरात दहावी पास झालेलं अजून कुणी नाही अशी मुलं. कॉन्व्हेंटात सातवीपर्यंत रेटलेली आणि मग फी थकली म्हणून किंवा गणितात बुडाली म्हणून परत आलेली मुलं. बापाबरोबर वर्षभर गोव्याला राहून आलेली, एक इयत्ता मागे पडलेली मुलं. बरी परिस्थिती असलेली घरं एकेक करून या वर्गांतून निघून गेली. मराठीच्या मोर्चात पुढं असणाऱ्यांची नातवंडं कोणत्या शाळेत शिकतात, हे मी विचारत नाही. गल्लीला ते ठाऊक असतं.

अमेरिकेत अशा मुलांसाठी मुद्दाम वेगळी सरकारी हायस्कुलं काढलेली आहेत. न्यूयॉर्क शहरात त्यांना ट्रान्सफर स्कूल म्हणतात. वय वाढलेलं पण अभ्यास मागं राहिलेला, मधे शाळा सुटलेली, अशी मुलं तिथं घेतात. वर्ग लहान ठेवतात आणि मुलांशी बोलायला, त्यांच्या घरचं समजून घ्यायला वेगळा माणूस नेमतात. आपल्याकडं असं कुणी ठरवून केलं नाही. आपल्या सरकारी हायस्कुलावर तेच काम न मागता येऊन पडलं आहे. जादा शिक्षक नाहीत, वेगळा माणूस नाही आणि नावही नाही. उलट लोक म्हणतात, तिथं काय, टाकाऊ पोरं जातात.

हे शब्द फार सहज तोंडातून निघतात, म्हणून त्यांचा हिशेब इथंच करू. मार्च-एप्रिलची परीक्षा झाली, निकाल लागला की खासगी शाळांचे फलक चौकाचौकात लागतात, शंभर टक्के, अठ्ठ्याण्णव टक्के. सरकारी हायस्कुलाचा निकाल त्याहून कमी असतो आणि लोक मान हलवतात. पण आठवी-नववीत कच्चं वाटणारं पोर काही शाळा गोड बोलून दाखला देऊन बाहेर काढतात, ते जातं कुठं? ते सरकारी हायस्कुलातच येतं. सिव्हिल हॉस्पिटलात जास्त माणसं दगावतात म्हणून तिथले डॉक्टर नालायक ठरत नाहीत, कारण शेवटच्या घटकेचा रोगी सगळीकडून फिरून तिथंच आणलेला असतो. शाळेचं मोजमाप करायचंच असेल तर आठवीत किती मुलं घेतली आणि त्यातली किती दहावीच्या परीक्षेला बसली, हे विचारा. खासगी शाळेलाही हाच प्रश्न विचारा. आठवीत साठ आणि दहावीच्या हॉल तिकिटावर बेचाळीस असतील, तर मधल्या अठरांचं काय झालं, हे विचारायचा हक्क फी भरणाऱ्या बापाला आहे.

पट का घसरतोय, याला लोक एकच उत्तर देतात, इंग्रजी शाळा. ते खरं आहे, पण अर्धंच. दुसरं कारण आपल्या घरातच आहे. मुलंच कमी जन्माला येताहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात दर बाईमागं सरासरी १.७ मुलं निघाली आणि महाराष्ट्रातही तेवढीच. आजीला सहा, आईला तीन, आणि आता एक किंवा दोन. म्हणजे इंग्रजी शाळा उद्या बंद झाल्या तरी जुन्या काळासारखे भरगच्च वर्ग परत यायचे नाहीत. हे मान्य केलं की रडगाणं थांबतं आणि पुढचं सुचतं. मुलं कमी असतील तर त्यातलं एकही गमावणं परवडणारं नाही.

तिसरं कारण कुणी बोलत नाही. माग बंद पडला की घर उठतं. आपल्या भागातला विणकर काम बघायला इचलकरंजीला जातो, गोव्याला जातो, जिथं हाताला काम मिळेल तिथं जातो. पोर बरोबर जातं आणि इकडच्या शाळेत त्याचं नाव तसंच लोंबकळत राहतं. आता यूडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत प्रत्येक विद्यार्थ्याची नावानिशी नोंद असते. राज्याचा स्वतंत्र सॅट्स नंबर असतो, शिवाय देशभर चालणारा पेन नंबरही असतो. दाखला न घेता गेलेलं पोर कागदोपत्री धड इथंही नसतं आणि तिथंही नसतं. शिक्षक त्याला ड्रॉप बॉक्समधलं पोर म्हणतात. गाव सोडताना गॅसचा नंबर बदलून घेता, रेशन कार्डाची चौकशी करता, तसा शाळेचा दाखला आणि पेन नंबरही लिहून घ्या. हद्द ओलांडून गडहिंग्लजला किंवा चंदगडला गेलात तरी त्या नंबरावरून तिथली शाळा पोराला आपल्या पटावर ओढून घेऊ शकते.

आता पट घसरला की आत काय होतं ते सांगतो, कारण बाहेरून हे दिसत नाही. शिक्षकांच्या जागा मुलांच्या संख्येवर ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, असा हिशेब दिलेला आहे. म्हणजे वीस-बावीस मुलांच्या शाळेत दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागं एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, समाज, भाषा या प्रत्येकासाठी किमान एक, असं कायदा म्हणतो. पट खाली आला की जागा कमी होते. कमी झालेली जागा निवृत्तीनंतर भरली जात नाही, अतिथी शिक्षकावर भागवतात. त्या शिक्षकाला अर्ध्या वर्षात दुसरीकडं बरं काम मिळालं की तो जातो. मग पालक म्हणतात, शिक्षकच नाहीत तर पोराला कशाला घालू, आणि पट आणखी खाली येतो. मराठी माध्यमात हा चक्राकार खेळ जास्त महागात पडतो. मराठीतून विज्ञान शिकवणारा शिक्षक कर्नाटकात मिळणं आधीच कठीण, आणि एकदा जागा गेली की ती मागून परत आणणं त्याहून कठीण.

म्हणून तुमच्या एका पोराचं नाव हे फक्त तुमच्या पोराचं नाव नाही. पट काठावर असेल तर त्या नावावर शेजारणीच्या पोरीचा गणिताचा तास टिकून असतो.

मराठी शाळेतच घाला, असं मी सरसकट म्हणत नाही. पोरगं इंग्रजी माध्यमात नीट शिकत असेल, घरी कुणी अभ्यास बघणारं असेल आणि फी भरताना डोक्यावर कर्ज होत नसेल, तर खुशाल शिकू द्या. माध्यम निवडायचा हक्क पालकांचाच आहे, सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं आहे. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. सहावी-सातवीतल्या पोराला त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला लावा आणि काय कळलं ते आपल्या भाषेत सांगायला सांगा. वाचून दाखवलं आणि सांगता आलं नाही, तर ते पोर पाठांतरावर जगतंय. त्याला आठवीतच मराठीत आणा, नववी संपेपर्यंत वाट बघू नका. आठवीत आलेल्याला तीन वर्षं मिळतात. दहावीत आलेल्याला मराठीतली संज्ञा शिकता शिकताच परीक्षा गाठते.

जुन्या शाळेत फी थकली असेल आणि दाखला अडवून धरला असेल, तर घाबरून पोराला घरी बसवू नका. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिलं आहे, आणि आठवीपर्यंत तो कायदा लागू आहे. सरकारी हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांना भेटा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तिथं अडलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. वयानं मोठं आणि शिक्षणात मागं राहिलेलं पोर असेल तर चौथं कलम वाचून दाखवा. अशा मुलाला वयाला साजेल त्या वर्गात बसवायचं आणि मागचं भरून काढायला वेगळी शिकवणी द्यायची, असं त्यात आहे. ही शिकवणी मागितल्याशिवाय क्वचितच मिळते, म्हणून ती मागा.

शहापूरच्या सरकारी हायस्कुलाला चिंतामणरावांचं नाव आहे. शहापूर सांगली संस्थानात होतं आणि ते नाव सांगलीच्या अधिपतींचं. त्या काळी संस्थानिकाच्या नावाच्या शाळेत पोरगं शिकतं, याचा घरादाराला अभिमान असे. आज सरकारी शाळेचं नाव सांगताना आवाज खाली येतो. आवाज खाली का येतो, याचा विचार शाळेनं करायचा तेवढाच आपणही करायचा. दुपारचं जेवण आहे, दूध आहे, पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, आणि सरकारी नेमणुकीतले शिक्षक रीतसर प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन आलेले असतात. उणं काय आहे ते मी वर सांगितलंच.

ज्यांचं पोर आधीच सुटलं आहे त्यांच्याशी आता बोलतो.

नववी सोडून दीड वर्ष झालं, पोरगं उद्यमबागेत हेल्पर आहे, आता परत शाळा कशी? अशी मुलं पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी वाटा आहेत. राज्याच्या बोर्डाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. वयाची अट आणि अर्जाची मुदत जवळच्या कुठल्याही सरकारी हायस्कुलात कळते. दुसरी वाट म्हणजे केंद्र सरकारचं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, म्हणजे एनआयओएस. ते १९८९ साली सुरू झालं. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तिथं दहावीला नाव घालता येतं, पाच विषय पास व्हायचे असतात, आणि ते एकाच वर्षात संपवायची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एक विषय यंदा, दोन पुढच्या वर्षी, असं चालतं. मराठीतूनही परीक्षा देता येते. बोर्डाच्या परीक्षेत दोन विषयांत पास होऊन बाकीच्यांत अडकलेल्याला ते दोन विषय पुढं धरूनही मिळतात. मात्र एक सावधगिरी घ्या. पास करून देतो, पोराला यायची गरज नाही, असं म्हणून हजारो रुपये मागणारे लोक या वाटेवर बसलेले असतात. त्यांना पैसे देऊ नका. अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो.

दहावीला बसून नापास झालेल्यांसाठी तर आता गोष्ट बरीच सोपी आहे. २०२३-२४ पासून कर्नाटकात एकाच वर्षात दहावीच्या एकाहून जास्त परीक्षा होतात आणि ज्या परीक्षेत जास्त गुण पडतील ते धरतात. मार्च-एप्रिलमध्ये गेलं तर त्याच वर्षी पुन्हा बसता येतं. तरी निकालाच्या दिवशी सहाशे पंचवीसपैकी किती पडले, हा एकच प्रश्न विचारून आपण पोराला तोंड लपवायला लावतो. नापास म्हटल्यावर त्याला गोव्याच्या बसमध्ये बसवायची घाई करू नका. आधी शाळेत जा, दुसऱ्या परीक्षेची तारीख विचारा आणि फॉर्म भरा. पुन्हा शाळेत बसून अभ्यास करता येईल का, तेही मुख्याध्यापकांना विचारा.

काम करणाऱ्यानं शिकायचं, हे आपल्याकडं नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. भाऊराव पाटलांनी तर कमवा आणि शिका यावर आख्खी रयत शिक्षण संस्था उभी केली. मुंबई-पुण्यात रात्रशाळा आजही चालतात. वडगावात एखाद्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी सात ते नऊ चार बाकं, एक दिवा आणि एक निवृत्त सर असले, तर एनआयओएसचा अभ्यास होऊ शकतो. गणपतीच्या मांडवाला जो खर्च होतो त्याच्या दहाव्या हिश्शात हे वर्षभर चालेल.

पोरगं म्हणतं, मला काय दहावीचं करायचं, मी आर्मीत जाणार. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात, त्यामुळं पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं इथं कमी नाहीत. त्यांना एवढंच सांगा, जनरल ड्यूटीच्या अग्निवीर भरतीला दहावी पास लागते आणि एकूण ४५ टक्के लागतात. पाय कितीही जोरात धावले तरी मार्कलिस्टाशिवाय मैदानात उभं करत नाहीत. आयटीआयच्या बहुतेक चांगल्या ट्रेडला दहावी लागते आणि डिप्लोमालाही लागते. फाउंड्रीतला हेल्पर आणि फाउंड्रीतला मशिनिस्ट यांच्यात पगाराचा जो फरक आहे तो बहुतेक वेळा या एका कागदाचा आहे. मालकाला विचारून बघा.

पोरींबद्दल थोडकंच सांगतो, कारण सांगायचं सगळ्यांना ठाऊक आहे. हायस्कूल लांब आहे, वाटेत टवाळ पोरं उभी असतात, घरी धाकटं भावंड सांभाळायला कुणी नाही, म्हणून तिचं नाव काढतात. नाव काढलं की वर्षा-दोन वर्षांत स्थळं येऊ लागतात. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि कर्नाटकानं कायद्यात दुरुस्ती करून असं लग्न मुळातच रद्दबातल ठरवलं आहे. वाटेतल्या टवाळांचा बंदोबस्त गल्लीनं करायचा असतो. त्यासाठी पोरीची शाळा बंद करणं म्हणजे टवाळांना जिंकवणं. चार पोरी मिळून जाऊ-येऊ द्या, एखादी वहिनी किंवा मावशी आठवडाभर बरोबर जाऊ दे, एवढ्यानं बरंच भागतं. आणि तसं लग्न ठरल्याचं कळलं तर १०९८ वर फोन करा.

कागदपत्रांची कटकट मार्च-एप्रिलमध्येच उरका. जात आणि उत्पन्नाचा दाखला, त्यावरचा आरडी नंबर, आधार जोडलेलं बँक खातं. शिष्यवृत्ती यांच्यावाचून अडते आणि जुलैत नाडकचेरीत रांगा लागतात. विणकरांच्या मुलांसाठी विद्यानिधीसारख्या योजना आहेत, त्यांची चौकशी शाळेत करा. आणखी एक गोष्ट मराठी घरांसाठी. शाळेच्या नोंदीत पोराची मातृभाषा काय लिहिली आहे, ते प्रवेशाच्या दिवशीच वाचून घ्या. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना ज्या सवलतीनं प्रवेश मिळतो, तिथं मातृभाषा मराठी असल्याचा दाखला मागतात. बारावीनंतर नोंद दुरुस्त करत फिरण्यापेक्षा आठवीत दोन मिनिटं बघितलेलं बरं.

कन्नडबद्दल एक स्पष्ट बोलतो, कुणाला आवडो न आवडो. मराठी शाळेतल्या पोरानं कन्नड चांगलं शिकलं पाहिजे. २०१५ च्या कायद्यानं ते शाळेत आहेच, पण पेपरपुरतं पाठ करून सोडायची आपली सवय आहे. नाडकचेरी, पोलीस ठाणे, बस, बँक, सरकारी नोकरी, सगळीकडं ते लागणार. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर आपल्या पोराला अर्ज वाचता आला नाही तर तोटा त्याचाच आहे. वडगावात तर शेजारीपाजारी कन्नड आहेच, गल्लीत खेळताना निम्मी भाषा येते. उरलेली निम्मी लिहायला शिकवा. आणि दहावीनंतर पीयूसीला मराठी माध्यम सहसा मिळत नाही, म्हणून आठवीपासूनच विज्ञान-गणितातल्या इंग्रजी संज्ञा मराठीच्या शेजारी वहीत लिहायची सवय लावा. हे सरांना सांगावं लागलं तर सांगा, सर नाही म्हणणार नाहीत.

निपाणीकडं चित्र थोडं वेगळं आहे. तिथं तंबाखू आणि विडीच्या घरांतली मुलं आहेत, आणि हंगामात ऊसतोडीला बीडकडून आलेल्या टोळ्यांची मुलंही असतात. ती मुलं मराठी बोलतात, सहा महिने फडात राहतात आणि दोन्ही राज्यांच्या पटावरून निसटतात. ज्या मराठी शाळांना पट कमी म्हणून धास्ती आहे, त्यांच्या शाळा सुधारणा समितीनं म्हणजे एसडीएमसीनं हंगाम सुरू होताच जवळच्या फडावर जाऊन यावं. मुलं वर्षभराची नसतील, पण त्यांचा हक्क तितकाच आहे, आणि पेन नंबरानं त्यांना तात्पुरतं आणता-पाठवता येतं. निपाणीचं देवचंद कॉलेज निपाणीला लागून अर्जुननगरला आहे, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. रोज हद्द ओलांडून पोरं शिकायला जातात आणि संध्याकाळी जेवायला घरी येतात. शिकणाऱ्याला हद्द आडवी येत नाही, हे निपाणीनं केव्हाच दाखवलं आहे.

ज्यांच्या घरी आता शाळेच्या वयाचं कुणी नाही त्यांच्याकडंही एक मागणं आहे. तुम्ही याच शाळांतून शिकून बाहेर पडलात. शाळेला पंखा आणि रंग देऊन फोटो काढण्याआधी एकदा पट बघायला मागा. आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्गांचा, गेल्या तीन वर्षांचा. कोणती नावं मधे गायब झाली ते मुख्याध्यापकांशी बसून बघा. प्रत्येक नावामागं एक गल्ली आणि एक घर आहे, आणि वडगाव एवढं मोठं नाही की ते घर सापडणार नाही.

आणि आईबापांनो, आजच संध्याकाळी एवढं करा. घरात किंवा शेजारी तेरा ते सतरा वयाचं पोर शाळेबाहेर असेल, तर त्याचा जुना दाखला किंवा शेवटचं प्रगतिपत्रक शोधून काढा. उद्या सकाळी दहा वाजता पोराला घेऊन जवळच्या सरकारी हायस्कुलात जा. एक दिवसाचा रोज बुडेल, बुडू द्या. अर्जाची पोच हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नका.